इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? शोरूममध्ये जाण्याआधी घरातला प्लग आणि फीडर बघा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही संगमनेर तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरात एक जुनी मोटारसायकल आणि दहा वर्षांची पेट्रोल कार आहे. मी नोकरीसाठी रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर जातो. वर्षातून चार-पाच वेळा सगळं कुटुंब पुण्याला, मुंबईला किंवा कोकणात जातं. गावात वीज अधूनमधून जाते. आपल्यासारख्या विकसनशील देशात इलेक्ट्रिक गाडी घेणं खरंच व्यवहार्य आहे का, की हे मोठ्या शहरातल्या लोकांसाठीच आहे?"

मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. घरांची, दुकानांची वायरिंगची कामं करता करता गेल्या काही वर्षांत चार्जर बसवण्याची आणि बिघडलेली चार्जिंगची जोडणी दुरुस्त करण्याची कामं बरीच वाढली. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतली शहरं, तालुके आणि वाड्या-वस्त्या अशा तिन्ही ठिकाणी ती केली आहेत. म्हणून उत्तर गाडीपासून न सुरू करता विजेपासून सुरू करतो. माझ्या अनुभवात गाडी चांगली निघाली की वाईट, हे बहुतेक वेळा गाडी रात्री जिथे उभी राहते त्या जागेवर ठरतं. देश विकसनशील आहे की विकसित, याचा संबंध त्यानंतर येतो.

तुमचं घर गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या फीडरवर, हे आधी सांगा (फीडर म्हणजे उपकेंद्रातून निघालेली विजेची लाइन). शहरातल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, पण आपल्याकडे सगळं इथेच ठरतं. गावठाण फीडरवर चोवीस तास वीज असणं अपेक्षित असतं; मध्ये जाते, वादळात रात्रभर जाते, पण साधारणपणे असते. शेतीच्या फीडरवर थ्री-फेज आठ तास, तेही कधी दिवसा तर कधी रात्री, आठवड्याच्या पाळीप्रमाणे. मळ्यात घर बांधून राहणारी कितीतरी कुटुंबं याच फीडरवर आहेत. बाकीच्या वेळी सिंगल फेज मिळाली तरी तिचा दाब संध्याकाळी इतका पडतो की ट्यूबलाइट लागत नाही. तुमचं घर गावठाणात असेल तर पुढचं वाचा. वस्तीवर असेल तर आधी सोलरचा विचार करावा लागेल. त्याबद्दल खाली लिहितो. आणि कृषिपंपाच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायचा विचारही करू नका. एका कारणासाठी दिलेली वीज दुसऱ्या कारणासाठी वापरली तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली दंडासकट बिल येतं.

आता "वीज जाते, मग गाडी कशी चालणार?" या शंकेबद्दल. ही भीती सगळ्यात मोठी असते आणि सगळ्यात कमी खरी ठरते. तुमचं रोजचं 50 किलोमीटर आहे. छोट्या इलेक्ट्रिक कारला एवढ्या अंतरासाठी साधारण 8 युनिट लागतात. घरच्या पंधरा-सोळा अँपिअरच्या प्लगवरून सुमारे 3 किलोवॉट मिळतात, म्हणजे पावणेतीन ते तीन तासांचं काम. गाडी संध्याकाळी सातला घरी येते आणि सकाळी आठला निघते. तेरा तासांत तीन तास वीज हवी आहे. मधले चार तास गेले तरी फरक पडत नाही. स्कूटरचं तर त्याहून सोपं: दीड-पावणेदोन युनिट. रोज रात्री बॅटरी शून्यापासून शंभरपर्यंत भरायची असते असं चित्र लोकांच्या मनात आहे, त्यातून ही भीती येते. प्रत्यक्षात आदल्या दिवशी वापरलं तेवढंच भरायचं असतं.

खरी अडचण वीज नसण्याची नाही, असलेल्या विजेच्या दर्जाची आहे. दोन गोष्टी: दाब आणि अर्थिंग.

दाबाचं सोपं आहे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात घरातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगवर मल्टिमीटर लावा, गिझर किंवा पाण्याची मोटर चालू असताना. 210 ते 240 असेल तर छान. 190 च्या आसपास असेल तर चार्जिंग हळू होईल. 180 च्या खाली गेलं की बरेच चार्जर करंट कमी करतात किंवा थांबतात, आणि पुन्हा पुन्हा चालू-बंद होत राहतात. अशा घरी मी चार्जिंगची वेळ रात्री अकरानंतर ठेवायला सांगतो. तोवर गावातला भार उतरलेला असतो आणि दाब आपोआप वर येतो. गाडीच्या अॅपमध्ये वेळ लावता येत असेल तर तशी लावा, नाहीतर साधा टायमरवाला स्विच बसवून घ्या, मात्र तो सोळा अँपिअर सतत पेलणारा हवा.

अर्थिंगवर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण यात माणसाचा जीव आहे. आपल्या गावांतल्या निम्म्याहून जास्त घरांत अर्थिंग नावापुरतं असतं, हे माझं निरीक्षण आहे. वीस वर्षांपूर्वी मीटरपाशी खड्डा करून जीआय पाइप पुरलेला असतो, मीठ-कोळसा कधीच धुऊन गेलेला असतो, तार गंजून तुटलेली असते. काही ठिकाणी अर्थची तार नळाच्या पाइपला बांधलेली असते आणि तो पाइप पुढे जाऊन पीव्हीसीचा झालेला असतो. फ्रिज, टीव्ही, मिक्सर हे सगळं अर्थिंगशिवायही चालत राहतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. इलेक्ट्रिक कारचा चार्जर मात्र आधी अर्थ तपासतो आणि तो नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. लाल दिवा लागतो. गिऱ्हाईक डीलरला फोन करतं, डीलर म्हणतो घरची वायरिंग बघा, आणि गावातला वायरमन पाच मिनिटांत "दुरुस्त" करून देतो. काय करतो? प्लगच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये वायरचा एक तुकडा जोडतो. हिरवा दिवा लागतो, सगळे खूश.

असं कुणी करू देऊ नका. ज्या दिवशी बाहेरच्या खांबावर न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी त्या तुकड्यातून सगळा दाब गाडीच्या पत्र्यावर येईल. ओल्या अंगणात अनवाणी पायाने कुणी दार उघडायला गेलं तर काय होईल हे सांगायची गरज नाही. आणि वादळी पावसात न्यूट्रल तुटणं ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. मी असे लूप काढून टाकले आहेत, आणि काढताना घरच्या माणसांना ते हातात धरून दाखवले आहेत.

करायचं ते असं: गाडीसाठी वेगळं अर्थिंग करून घ्या. पाइप किंवा केमिकल अर्थिंग, काहीही चालेल. त्याचा रोध 5 ओहमच्या आत यायला हवा आणि न्यूट्रल-अर्थ दाब दोन-तीन व्होल्टच्या आसपास. मुरमाड जमिनीत एका खड्ड्यात जमत नाही, दोन खड्डे करून जोडावे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत जमीन वाळली की रोध वाढतो, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी घालायचं. जोडीला मीटरच्या बोर्डापासून थेट आलेली 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) आणि साध्या प्लगऐवजी निळा औद्योगिक सॉकेट. घरातला नेहमीचा पंधरा अँपिअरचा प्लग तास-दीड तास गिझर चालवण्यासाठी ठीक असतो. रोज तीन-चार तास सलग पूर्ण भार आला की त्याच्या पट्ट्या सैल होतात, तापतात आणि प्लास्टिक वितळतं. एक्स्टेन्शन बोर्डावरून कार चार्ज करणं तर पूर्ण वर्ज्य. या सगळ्या कामाला गाडीच्या किमतीच्या मानाने अगदी थोडे पैसे लागतात, पण डीलर हे सहसा सांगत नाही, कारण ते त्याच्या बिलात नसतं.

आता पैशांकडे येऊ. इथे बहुतेक लोक "पेट्रोल इतके रुपये, वीज इतके पैसे" असा सरळ गुणाकार करतात आणि फसतात. महावितरणच्या घरगुती दराला टप्पे आहेत. गाडीचे युनिट घरच्या वापराच्या वर जाऊन बसतात, म्हणजे गाडीला तुमच्या बिलातला सगळ्यात महाग टप्पा लागतो. 2024-25 च्या दरांनी हिशोब मांडतो. दर बदलत राहतात, पण पद्धत तीच. 101 ते 300 युनिटच्या टप्प्यात वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून युनिट सव्वातेरा रुपयांच्या आसपास पडत होतं. 301 ते 500 मध्ये तेच अठरा रुपयांच्या घरात जात होतं.

आधी स्कूटर. महिन्याला 1300 किलोमीटर धरा. पेट्रोलची स्कूटर 45 चं अॅव्हरेज देत असेल तर 29 लिटर, म्हणजे 104 रुपयांच्या भावाने तीन हजार रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर चार्जरमधला तोटा धरून युनिटला 30 किलोमीटर जाते. 43 युनिट, पावणेसहाशे रुपये. महिन्याला 2400 वाचले, वर्षाला जवळपास एकोणतीस हजार. तीन किलोवॉट-तासाच्या, म्हणजे तीन युनिट मावणाऱ्या, बॅटरीची बरी स्कूटर आणि 125 सीसीची पेट्रोल स्कूटर यांच्या ऑन-रोड किमतीतला फरक एका वर्षात, फार तर सव्वा-दीड वर्षात निघतो. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरणाऱ्या माणसासाठी हा निर्णय मला आता अवघड वाटतच नाही.

कारचा हिशोब वेगळा आहे. महिन्याला 1500 किलोमीटर. पेट्रोल कार लिटरला 15 देत असेल तर साडेदहा हजारांच्या जवळ. छोटी इलेक्ट्रिक कार मीटरवरच्या युनिटला साडेसहा किलोमीटर जाते, म्हणजे 230 युनिट. घरचा वापर आधीच 120 असेल तर एकूण 350. त्यातले काही सव्वातेराच्या टप्प्यात, काही अठराच्या. बिलात वाढ साधारण 3300 रुपये. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला सात हजार वाचतात. हे ऐकून लोक लगेच बुकिंग करायला निघतात. पण तुलना पेट्रोलशी करायची की सीएनजीशी? सीएनजी कार किलोला 23 किलोमीटर गेली आणि भाव 90 रुपये असला तर तेच अंतर 5900 रुपयांत होतं. म्हणजे इलेक्ट्रिकने महिन्याला 2600 वाचतात. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो निघायला नऊ-दहा वर्षं लागतील. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल आणि सीएनजी कारवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो ऑगस्ट 2019 पासून 5 टक्केच आहे, पण मधलं अंतर कमी झालं. महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर चालवणाऱ्याला इलेक्ट्रिक कार पैशात परवडते. हजारच्या आत चालवणाऱ्याला परवडत नाही. त्याने घ्यायची तर शांतपणा, गिअरची कटकट नाही, धूर नाही या कारणांसाठी घ्यावी, आणि तीही चांगली कारणं आहेत.

आणखी एक गोष्ट, जी शोरूममध्ये कुणी सांगत नाही. हा सगळा फायदा घरच्या प्लगचा आहे. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला युनिटला वीस रुपयांच्या आसपास आणि वर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे 23-24 रुपये. किलोमीटरला साडेतीन रुपये झाले. सीएनजीलाही जवळपास तेवढेच लागतात. ज्याच्याकडे रात्री गाडी लावायला स्वतःची जागा नाही, जो भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि गाडी रस्त्यावर लावतो, त्याला इलेक्ट्रिक कार मी आज तरी सुचवत नाही. काढून घरात नेता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर त्याच्यासाठी ठीक. सोसायटीत राहणाऱ्याला स्वतःच्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर आणता येते; केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या सध्याच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला परवानगी आहे. अडते ते कमिटीच्या मीटिंगमध्ये. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा वर्ग आहे. महिन्याला दोनशेच्या वर युनिट गाडीला लागणार असतील तर वेगळ्या मीटरची चौकशी जरूर करा, कारण घरगुती दराच्या वरच्या टप्प्यांपासून सुटका होते.

सोलरचं इथेच सांगून टाकतो. 1 किलोवॉटचं छतावरचं सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी 4 युनिट देतं, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. तीन किलोवॉट म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. वर ज्या घराचं 350 युनिटचं गणित मांडलं, ते अख्खं घर गाडीसकट यात बसतं. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान आहे. स्वतःचं घर आणि मोकळं छत असणाऱ्या गावाकडच्या माणसाकडे शहरातल्या फ्लॅटवाल्यापेक्षा इथे जास्त हुकमी पत्ते आहेत. इलेक्ट्रिक गाडी शहरासाठीच आहे या समजाला माझा विरोध याचमुळे आहे. अंगण, छत आणि स्वतःचं मीटर या तीन गोष्टी तालुक्याच्या गावात आहेत, मुंबईच्या चाळीत नाहीत. मात्र नेट मीटरिंगचं, म्हणजे जादा वीज महावितरणच्या लाइनला देणारं, सोलर वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद पडतं. वस्तीवरच्या माणसाने बॅटरीसह हायब्रिड सोलर घेतलं तरच त्याचा उपयोग, आणि ते बरंच महाग पडतं. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज होत नाही. 150 अँपिअर-तासाच्या 12 व्होल्टच्या बॅटरीत पावणेदोन युनिट असतात, तेही पूर्ण काढता येत नाहीत.

रेंजबद्दल. जाहिरातीतला आकडा प्रमाणित चाचणीचा असतो. त्यातून तीस टक्के वजा करा. जानेवारी 2020 मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 किलोवॉट-तासांची, जाहीर रेंज 312. रस्त्यावर लोकांना 200 ते 220 मिळत होती. हायवेवर शंभरच्या वेगाने आणि एसी लावून आणखी कमी. संगमनेरहून पुणे एका चार्जमध्ये आरामात होतं. जाऊन-येऊन व्हायचं असेल तर पुण्यात कुठेतरी लावावी लागते.

घाटाची भीती मात्र निराधार आहे. दीड टन वजनाची गाडी खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटर वर चढवायला शुद्ध पदार्थविज्ञानाने सव्वादोन युनिट लागतात, मोटरमधला तोटा धरून पावणेतीन. म्हणजे पंधरा-अठरा किलोमीटरची रेंज चढण्यात जाते. उतरताना त्यातलं अर्ध्याहून जास्त परत बॅटरीत येतं आणि ब्रेक तापत नाहीत. कसारा काय, खंबाटकी काय, घाटात इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलपेक्षा चांगली चालते. एसटीची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. त्याच तारखेला 2022 मध्ये त्याच मार्गावर इलेक्ट्रिक शिवाई सुरू झाली. एवढी अवजड बस या रस्त्यांवर चालते, तिथे छोट्या कारच्या ताकदीबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.

लांबच्या प्रवासात खरा त्रास चार्जर सापडण्याचा नाही, तो चालू असण्याचा आहे. अॅपवर हिरवा दिसतो, तिथे पोचल्यावर नेटवर्क नाही, किंवा हॉटेलवाल्याने मेन बंद केलेला, किंवा एकच गन आणि पुढे दोन गाड्या. प्रत्येक कंपनीचं अॅप वेगळं, त्यात पैसे आधी भरा. मुंबई-पुणे-नाशिक या पट्ट्यात परिस्थिती खूप सुधारली आहे. कोकणात आतल्या रस्त्यांवर, मराठवाडा-विदर्भात जिल्ह्याच्या गावांपासून दूर गेलात तर अजूनही नियोजन करून निघावं लागतं. बॅटरी तीसवर आली की थांबायचं, दहावर नाही, आणि पहिला चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे हे आधी ठरवलेलं हवं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन रात्री निघणाऱ्या कुटुंबाला हे जड जातं. सरकारने मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ केला, हे चांगलंच; पण मी टोलऐवजी चालू स्थितीतले चार्जर मागितले असते.

बॅटरीविषयी थोडक्यात. दोन रसायनं प्रचलित आहेत: एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट). एलएफपी जड आहे, पण उष्णता आणि वारंवार चार्जिंग जास्त सोसते. दोन हजार चक्रं सहज. जळगाव, अकोला, चंद्रपूर इथल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात मी एलएफपीलाच पसंती देईन. शंभर टक्के भरून गाडी दिवसभर उन्हात ठेवणं, आणि दुपारी तीनला तापलेली गाडी आणून लगेच चार्जिंगला लावणं, या दोन सवयी बॅटरीचं आयुष्य खातात. 2022 च्या उन्हाळ्यात स्कूटरला आगी लागल्या होत्या, त्यात पुण्याचीही एक घटना होती. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-156 हे मानक कडक झालं आणि डिसेंबर 2022 ते मार्च 2023 या काळात दोन टप्प्यांत लागू झालं. त्यामुळे त्याआधी बनलेली सेकंड-हँड स्कूटर स्वस्तात मिळाली तरी टाळा.

तालुक्याच्या बाजारात दिसणाऱ्या बिननंबरच्या स्कूटरही टाळा. 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, या सवलतीचा आधार घेऊन त्या विकल्या जातात. विकताना दुकानदार वेग "उघडून" देतो, मग ती बेकायदा होते आणि अपघातात विमा मिळत नाही. बहुतेकांत लेड-अॅसिड बॅटरी असते, ती वर्ष-दीड वर्षात बसते. "इलेक्ट्रिक म्हणजे फसवणूक" असं म्हणणारी जी माणसं मला भेटतात, त्यातल्या पुष्कळांनी अशी गाडी घेतलेली असते. कष्टाचे साठ हजार गेलेल्या माणसाचा राग रास्तच असतो.

सर्व्हिसबद्दल माझा एक ठाम नियम आहे: अधिकृत सर्व्हिस सेंटर पन्नास किलोमीटरच्या आत नसेल तर ती गाडी घेऊ नये, मॉडेल कितीही आवडलं तरी. ऑइल, क्लच, फिल्टर हे काही नसल्यामुळे गाडी कमी बिघडते. पण बिघडली तर कंट्रोलर, चार्जर किंवा बॅटरीचा बोर्ड जातो, आणि तो गावच्या मेकॅनिकच्या हातातला विषय नसतो. पार्टसाठी तीन-तीन आठवडे गाडी उभी राहिल्याचं मी पाहिलं आहे. कारच्या बॅटरीवर 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते, पण ती देणारी कंपनी आठ वर्षं टिकायला हवी. नव्या कंपन्यांपैकी काही बंद पडल्या, त्यांच्या ग्राहकांच्या हातात आता फक्त कागद आहे. पुराच्या पट्ट्यात, म्हणजे सांगली, कोल्हापूर, चिपळूणकडे राहत असाल तर एक सूचना: रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गाडी जाते, पण रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी पाणी ओसरल्यावर चालूही करायची नाही आणि चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही.

विकसनशील देशाच्या प्रश्नावर मला एवढंच म्हणायचं आहे की आपल्या शेजारचं नेपाळच बघा. तिथे आता आयात होणाऱ्या नव्या कारपैकी बहुसंख्य इलेक्ट्रिक आहेत. कारण साधं आहे: पेट्रोल सगळं बाहेरून येतं आणि जलविद्युत घरची आहे. इथिओपियाने 2024 मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खाजगी गाड्यांची आयातच थांबवली, तिथेही वीज मुख्यतः धरणांची. आपली वीज अजून सत्तर टक्क्यांहून जास्त कोळशाची आहे, त्यामुळे पर्यावरणाचा फायदा आज मध्यम आहे, शून्य नाही. छतावर सोलर असेल तर तो मोठा होतो. आणि आपल्याकडे इलेक्ट्रिक आधी तीनचाकीत रुजली. 2024-25 मध्ये देशात विकल्या गेलेल्या तीनचाकींपैकी निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक होत्या, कारमध्ये हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास. रिक्षावाला रोज शंभर किलोमीटर चालवतो, रात्री गाडी दारात लावतो, आणि प्रत्येक रुपया मोजतो. त्याने निवडलं याचा मला जास्त विश्वास वाटतो.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा. मोटारसायकलच्या जागी इलेक्ट्रिक स्कूटर आत्ता घ्या. मोठ्या बॅटरीची घ्या, कारण रोजचे पन्नास किलोमीटर तीन वर्षांनंतर झिजलेल्या बॅटरीवरही व्हायला हवेत. तीन किलोवॉट-तासांच्या खाली जाऊ नका. कार मात्र आहे तीच ठेवा. वर्षातून चार-पाच लांबच्या फेऱ्यांसाठी आणि आजारपणात मध्यरात्री निघण्यासाठी ती पुरेशी आहे, आणि रोजचं धावणं स्कूटरवर गेल्यामुळे ती आणखी काही वर्षं टिकेल. रोजच्या प्रवासाला कारच हवी असेल, म्हणजे पाठीचं दुखणं किंवा सोबत आणखी कुणी जाणारं असेल, तर पंचवीस-तीस किलोवॉट-तासांची इलेक्ट्रिक कार घ्या, पण जुनी पेट्रोल कार विकू नका. घरात एकच कार ठेवायची असेल तर तुमच्यासारख्या कुटुंबाला आज मी सीएनजी सांगेन.

स्कूटरसाठीही पंधरा दिवस आधी वायरमनला बोलवा, कंपनीच्या फुकट इन्स्टॉलेशनवर विसंबू नका. त्याच्याकडून दोन आकडे लिहून घ्या: रात्री आठला प्लगवरचा दाब आणि न्यूट्रल-अर्थ दाब. दुसरा आकडा पाचच्या वर असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा. पुढे कार घ्यायची ठरली तर मंजूर भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे बुकिंगच्या आधी टाका. गावाकडच्या बहुतेक घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॉटच असतो, आणि तेवढ्यावर गिझर आणि कार एकत्र चालणार नाहीत.